गोचीड काढल्यानंतरचे तीस दिवस

अंगाला चिकटलेली गोचीड दुखत नाही, खाजतही नाही. चावताना ती लाळेतून कातडी बधिर करणारी द्रव्ये सोडते, रक्त गोठणार नाही याची सोय करते आणि त्या जागेपुरती शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवते. म्हणूनच लाइम रोग, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा आजार, झालेल्या पुष्कळ जणांना गोचीड चावल्याचे आठवतच नाही. ती सापडते ती बहुधा अंघोळ करताना बोटांना किंवा कपडे बदलताना आरशात. नवा तीळ उगवला असावा असा काळसर ठिपका दिसतो, आणि निरखून पाहिले तर त्याला पाय असतात.

ती दिसली की पहिली गोष्ट म्हणजे वेळ लिहून ठेवणे. या आजारातले बहुतेक प्रश्न वेळेचेच आहेत. गोचीड किती तास चिकटून होती? चट्टा कितव्या दिवशी आला? किती दिवसांत वाढला? रक्त कितव्या आठवड्यात तपासले? डॉक्टर हेच विचारणार, आणि रक्ताच्या अहवालापेक्षा या उत्तरांचे वजन अनेकदा जास्त भरते.

दुसरी गोष्ट, गोचीड काढणे, आणि ती लगेच. दवाखान्यात जाऊन काढून घेऊ म्हणून रात्रभर तशीच ठेवण्यात फक्त तास वाया जातात. लागतो तो टोकाला निमुळता, बारीक चिमटा. भुवया कोरायला वापरतात तो चपट्या टोकाचा चिमटा गोचिडीच्या पोटावरच बसतो आणि पोट दाबले जाते, म्हणून तो टाळावा. चिमट्याची टोके कातडीला टेकवायची, गोचिडीला शक्य तितके तोंडाजवळ धरायचे आणि सरळ वर, एकसारख्या ताणाने ओढायचे. कातडी थोडी वर उचलली जाते. तिथेच काही सेकंद ताण धरून ठेवला की गोचीड स्वतःहून सुटते. झटका देऊ नये, पिळू नये. तिच्या सोंडेवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात, आणि घाईने ओढले की सोंड मोडून कातडीत राहते.

मोडलीच, तर घाबरण्यासारखे काही नाही. त्या तुकड्यातून लाइमची लागण होत नाही. जिवाणू असतात गोचिडीच्या पोटात आणि तिथून ते लाळेत येतात, आणि धड वेगळे झाले की तो मार्गच बंद होतो. चिमट्याने सहज निघाला तर काढावा, नाहीतर कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. सुईने टोकरत बसणाऱ्यांना लाइम नव्हे, पण साधी जखम पिकण्याचा त्रास हमखास होतो.

व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी, रॉकेल हे उपाय सोडूनच द्यावेत. त्यामागची कल्पना अशी, की गुदमरून किंवा भाजून गोचीड आपणहून सोडेल. पण गोचिडीला श्वास फार थोडा लागतो. ती तासन्‌तास तशीच राहते, आणि त्रास झाल्यावर पोटातले द्रव जखमेत सोडण्याची शक्यता उलट वाढते. काढल्यावर जागा आणि हात साबणाने किंवा अल्कोहोलने धुवावेत. गोचीड बोटांनी चिरडू नये. पारदर्शक चिकटपट्टीत किंवा अल्कोहोलच्या बाटलीत बंद करावी आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. कोणत्या जातीची होती आणि रक्त पिऊन किती फुगली होती, हे या फोटोवरून कळते. ही गोचीड प्रयोगशाळेत पाठवून तिच्यात जंतू आहेत का ते पाहण्याची सेवा विकत मिळते. आम्ही तिचा आग्रह धरत नाही. गोचिडीत जंतू सापडले म्हणजे ते माणसात उतरलेच असे नसते, आणि नाही सापडले तरी अंगावर न दिसलेली दुसरी गोचीड नव्हती याची खात्री कोण देणार?

म्हणून एक सापडली की उरलेले अंगही तपासावे: केसांची मुळे, कानामागे, काखा, बेंबी, कमरेचा पट्टा, जांघा, गुडघ्याच्या मागची घडी. लहान मुलांच्या बाबतीत आधी डोके पाहावे.

आता तासांचा हिशेब. उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात लाइम पसरवते ती काळ्या पायांची गोचीड, शास्त्रीय नावाने इक्सोडीस स्कॅप्युलॅरिस. पश्चिम किनाऱ्यावर तिची बहीण इक्सोडीस पॅसिफिकस, युरोपात इक्सोडीस रिसिनस, आणि पूर्व युरोपापासून आशियाच्या उत्तर पट्ट्यापर्यंत इक्सोडीस पर्सुल्कॅटस. कुत्र्याच्या अंगावर नेहमी दिसणाऱ्या पाठीवर पांढरट नक्षी असलेल्या गोचिडी दुसरेच आजार पसरवतात, लाइम नाही. काळ्या पायांच्या प्रौढ मादीचे अंग तांबूस असते आणि डोक्यामागची ढाल काळी.

रोगाचा जिवाणू, बोरेलिया बर्गडॉर्फेरी, भुकेल्या गोचिडीच्या आतड्यात एका विशिष्ट प्रथिनाच्या आधाराने चिकटून बसलेला असतो. गरम रक्त आत येऊ लागले की तो ते प्रथिन बनवणे कमी करतो, दुसरे बनवू लागतो, आतड्याची भिंत ओलांडतो आणि लाळग्रंथीत पोचतो. या स्थित्यंतराला वेळ लागतो. त्यामुळे अमेरिकेतली गोचीड २४ तासांच्या आत निघाली तर लाइमचा धोका फारच कमी असतो. ३६ तास उलटल्यावर तो वाढत जातो. चपटी गोचीड म्हणजे नुकतीच चिकटलेली. फुगून राखाडी झालेली म्हणजे दोन-तीन दिवस तरी बसलेली. युरोपात बोरेलिया अफझेली नावाची जात जास्त आढळते आणि ती याहून लवकर उतरू शकते, म्हणून तिथे २४ तासांच्या आकड्यावर विसंबू नये. शिवाय हा हिशेब फक्त लाइमचा आहे. गोचिडीतूनच येणारा, मेंदूला सूज आणणारा पोवासन विषाणू काही मिनिटांतच उतरतो, आणि युरोपातला गोचिडीमुळे होणारा मेंदूज्वरही.

धोका मोठा असेल तर अमेरिकेत डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची एकच मात्रा देतात: प्रौढांना २०० मिलिग्रॅम, मुलांना किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, पण २०० च्या वर नाही. त्यासाठी गोचीड काळ्या पायांचीच असावी लागते, रोग असलेल्या भागातली असावी लागते, ३६ तास किंवा जास्त चिकटलेली असावी लागते आणि काढल्यापासून ७२ तास उलटलेले नसावे लागतात. चारही अटी जुळल्या तरच. युरोपातल्या अनेक देशांत ही मात्रा सरसकट दिली जात नाही. तिथे भर असतो तो वाट पाहण्यावर आणि नीट लक्ष ठेवण्यावर.

गोचिडीत हा जिवाणू येतो कुठून, हे समजले की ऋतूंचेही गणित सुटते. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी निर्जंतुक असते. ती आपले पहिले जेवण उंदरावर किंवा छोट्या पक्ष्यावर घेते, आणि अमेरिकेत पांढऱ्या पायांचा उंदीर हा जिवाणूंचा मोठा साठा आहे. पुढच्या वसंतात ती कात टाकून आठ पायांची निम्फ होते, खसखशीच्या दाण्याएवढी. हीच खरी गुन्हेगार. प्रौढ मादीमध्ये जंतू असण्याचे प्रमाण निम्फपेक्षा जास्त असते, पण ती मोठी असते, दिसते आणि काढली जाते. निम्फ दिसत नाही आणि पोट भरेपर्यंत बसून राहते. मे ते जुलै हा तिचा हंगाम, आणि माणसांतल्या लागणीही त्याच सुमारास चढतात. प्रौढ गोचिडी शरदात बाहेर पडतात आणि तापमान ४ अंशांच्या वर गेले की थंडीतल्या एखाद्या उबदार दिवशीही भेटतात. हरणावर त्यांची लग्ने लागतात आणि पोट भरते, म्हणून हरणे वाढली की गोचिडी वाढतात. मात्र हरीण गोचिडीला हा जिवाणू देत नाही. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून डोक्यात पडत नाही. गवताच्या पात्याच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते आणि कपडा घासून गेला की पकडते. मग वर चढत जाते, म्हणून ती डोक्यात सापडली तरी आली असते पायांकडूनच. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही, शिंकेतून नाही, स्पर्शातून नाही.

गोचीड निघाली. आता तीस दिवस लक्ष ठेवायचे.

पहिल्या एक-दोन दिवसांत चावल्याच्या जागी छोटा लाल डाग येतो, खाजतो आणि दोन-तीन दिवसांत विरतो. तो लाळेची ॲलर्जी आहे, लाइम नाही. सर्वांत जास्त घबराट इथेच होते आणि अनावश्यक गोळ्याही इथेच सुरू होतात. आम्ही सांगतो ते एवढेच, की डागाची कड पेनाने आखून ठेवा, शेजारी तारीख लिहा आणि रोज त्याच उजेडात, मोजपट्टी ठेवून एक फोटो घ्या. आखलेल्या रेषेच्या आत डाग मावत असेल, फिकटत असेल, तर काही करू नये.

लाइमचा चट्टा, वैद्यकीय भाषेत एरिथेमा मायग्रान्स, चावल्यावर ३ ते ३० दिवसांत उगवतो, सरासरी सातव्या दिवसाच्या आसपास. तो रेषा ओलांडतो. दिवसेंदिवस पसरत ५ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि कधी ३० सेंटिमीटरपर्यंतही पोचतो. हाताला किंचित गरम लागतो, पण सहसा दुखत नाही आणि फारसा खाजत नाही. चित्रांत नेहमी दाखवतात तसा, मधे लाल, भोवती फिकट आणि बाहेर पुन्हा लाल कडे, असा तो असेलच असे नाही. अमेरिकेत तरी सगळा एकसारखा लाल किंवा लालसर निळा चट्टाच जास्त दिसतो. त्या कड्यांची वाट पाहत बसल्याने उपचार लांबल्याची उदाहरणे थोडी नाहीत. आकारापेक्षा वाढ पाहावी. सावळ्या आणि काळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही. चट्टा मुका मार लागल्यासारखा निळसर-जांभळा किंवा नुसता गडद दिसतो, आणि निदान चुकते. अशा वेळी खिडकीच्या उजेडात तिरकस पाहावे आणि बोटांनी कडेची ऊब चाचपावी. चट्टा पाठीवर, डोक्यातल्या केसांत किंवा गुडघ्यामागे असेल तर दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा.

गजकर्णाशी त्याची गल्लत फार होते. गजकर्णाची कड खवलेदार असते, ते खाजते आणि आठवड्यांच्या गतीने वाढते. अंगावर उठणारे पित्ताचे चट्टे काही तासांत जागा बदलतात. जिवाणूंनी कातडी सुजली तर ती जागा चांगलीच दुखते. अमेरिकेच्या दक्षिणेत लोन स्टार गोचीड चावल्यावरही हुबेहूब असाच चट्टा येतो. पण तो लाइमचा नसतो आणि त्याचे कारण अजून हाती लागलेले नाही, म्हणून माणूस कुठल्या भागात फिरला होता ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

दहातल्या दोन-तीन रुग्णांना मात्र चट्टा येतच नाही, किंवा आलेला दिसत नाही. अशा वेळी उरतो तो ताप, थकवा, डोके जड, मान आखडलेली आणि सांधे-स्नायू दुखणे. ऐन उन्हाळ्यात, खोकला-सर्दीविना असा फ्लूसारखा आजार झाला आणि मागच्या महिन्यात गवताळ रानात जाणे झाले असेल, तर लाइमचा विचार करावा. ताप फार चढला असेल आणि रक्तात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटल्या असतील तर त्याच गोचिडीने दिलेला ॲनाप्लाझ्मोसिस, हा दुसरा जिवाणूजन्य आजार, शोधावा लागतो. बेबेसियोसिसही तिच्यातूनच येतो, त्याचा परजीवी तांबड्या पेशींत शिरतो आणि डॉक्सिसायक्लिनला दाद देत नाही. लाइमचे उपचार चालू असूनही ताप उतरत नसेल तर ही दोन नावे डॉक्टरांसमोर काढावीत.

चट्टा घेऊन आलेल्या रुग्णाला हमखास धक्का बसतो तो इथे, की डॉक्टर रक्त तपासत नाहीत. तो हलगर्जीपणा नव्हे. रक्ताची नेहमीची चाचणी जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. चट्टा ताजा असताना चाचणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते. तो कागद हातात पडला की रुग्ण निर्धास्त होतो आणि गोळ्या घेत नाही. म्हणून रोग असलेल्या भागात फिरून आलेल्या माणसाच्या अंगावर ठरावीक चट्टा दिसला की निदान पुरे, गोळ्या त्याच दिवशी सुरू.

चट्टा नसेल किंवा आजार पुढे सरकला असेल तर चाचणी दोन पायऱ्यांची असते. आधी एलायझा, म्हणजे प्रतिपिंडे आहेत का हे पाहणारी चाळणी चाचणी. ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच दुसरी पायरी, इम्युनोब्लॉट, ज्यात जिवाणूच्या एकेका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे वेगवेगळ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतात. त्यात आयजीएम (आधी तयार होणारी प्रतिपिंडे) च्या तीनपैकी किमान दोन पट्ट्या उमटाव्या लागतात, आयजीजी (नंतर येणारी, टिकणारी प्रतिपिंडे) च्या दहापैकी किमान पाच. २०१९ पासून अमेरिकेत दुसऱ्या पायरीलाही एलायझाच वापरण्याची मुभा आहे. आयजीएमचा निकाल लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या ३० दिवसांतच ग्राह्य. सहा महिने दुखणे अंगावर काढलेल्या माणसाचे फक्त आयजीएम पॉझिटिव्ह आले असेल तर ते बहुधा खोटे पॉझिटिव्ह असते. दोन-तीन आयजीजी पट्ट्या उमटल्या म्हणून लाइम ठरत नाही, निरोगी माणसांतही त्या दिसतात. लघवीतून लाइम शोधणाऱ्या किंवा सीडी५७ पेशी मोजणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. आणि बरे झाल्यावर पुन्हा तपासणी करून काही हाती लागत नाही, कारण प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात टिकतात.

औषध साधे आहे. चट्ट्याच्या टप्प्यावर प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. ते चालत नसेल तर अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम तीनदा किंवा सेफ्युरोक्झिम ५०० मिलिग्रॅम दोनदा, १४ दिवस. गरोदरपणात सहसा अमॉक्सिसिलिनच देतात. डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यावी आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे फोड आणते. दूध, कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या गोळ्या यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण त्या औषध बांधून ठेवतात आणि ते रक्तात पोचत नाही. उन्हात कातडी लवकर भाजते, आणि हा आजार नेमका उन्हाळ्यातला, तेव्हा लांब बाह्या घालाव्यात. पहिल्या २४ तासांत काहींना थंडी वाजते, ताप येतो, चट्टा जास्त लाल होतो. जिवाणू मरू लागल्याची ती प्रतिक्रिया असते. औषधाची ॲलर्जी समजून गोळी बंद करण्याची चूक इथे होते. अंगावर पित्त उठले किंवा श्वास अडकला तर मात्र ती ॲलर्जीच, आणि मग लगेच दवाखाना.

चट्टा हुकला तर जिवाणू रक्तातून पसरतो. काही आठवड्यांत अंगावर अनेक ठिकाणी छोटे चट्टे उठतात, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते: डोळा मिटत नाही, कपाळाला आठी पडत नाही, पाणी ओठातून सांडते. दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडल्या तर लाइमचा संशय आधी घ्यावा, कारण असे करणारे आजार मोजकेच आहेत. मान आखडणे, प्रकाश सहन न होणे ही मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची खूण. युरोपात रात्री वाढणारी, पाठीतून किंवा छातीभोवती कळ मारणारी नसांची वेदना जास्त दिसते. नोंदवलेल्या शंभर रुग्णांमागे साधारण एकाच्या हृदयात विजेचा संदेश अडतो. चक्कर, धाप, छातीत धडधड किंवा शुद्ध हरपणे असे काही झाले तर त्याच दिवशी ईसीजी हवा. अडथळा काही तासांत वाढू शकतो, म्हणून अशांना रुग्णालयात ठेवून शिरेतून सेफ्ट्रायाक्झोन देतात. बहुतेकांचा अडथळा औषधाने निघून जातो, कायमचा पेसमेकर क्वचितच लागतो.

आणखी काही महिन्यांनी पाळी येते सांध्यांची, त्यातही गुडघ्याची. गुडघा फुटेल इतका सुजतो, आणि सुजेच्या मानाने दुखतो कमी. या टप्प्याला आयजीजी भरपूर असते, त्यामुळे इथे चाचणी निगेटिव्ह आली तर दुखण्याचे कारण दुसरीकडे शोधावे. उपचार २८ दिवसांच्या गोळ्यांचा. खरे तर अमेरिकेत हा रोग ओळखला गेला तो गुडघ्यांमुळेच. १९७५ च्या सुमारास कनेटिकट राज्यातल्या लाइम आणि ओल्ड लाइम या गावांत लहान मुलांमध्ये संधिवाताचे रुग्ण एवढे आढळले, की पॉली मरे यांच्यासारख्या आयांनी आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला, आणि येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या आतड्यात मळसूत्री जिवाणू दिसले. चट्टा मात्र युरोपाला आधीपासून ठाऊक होता. स्वीडनच्या आर्विड अफझेलियस यांनी १९०९ मध्येच तो सहकाऱ्यांपुढे मांडला होता. चट्टा आणि सांधा ही एकाच रोगाची दोन टोके आहेत हे कळायला मधली सत्तर वर्षे गेली.

गोळ्या संपल्यावरही काहींना थकवा, अंगदुखी, लक्ष न लागणे असा त्रास महिनोन्‌महिने राहतो. तो खरा असतो. पण महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू ठेवून फरक पडत नाही, हे तुलना करून घेतलेल्या चाचण्यांत दिसले आहे. उलट शिरेत ठेवलेल्या नळीतून गंभीर संसर्ग झाल्याचे प्रकार घडले आहेत.

एकदा लाइम होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असे नाही. दुसऱ्या गोचिडीने दुसऱ्यांदा होतो. माणसांसाठी १९९८ मध्ये आलेली लस २००२ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आली. तेव्हा भिस्त कपड्यांवर. पँट मोज्यांत खोचावी, कपडे फिक्या रंगाचे असावेत म्हणजे गोचीड दिसते. उघड्या कातडीला २० ते ३० टक्के डीट (कीटकांना दूर ठेवणारे औषध) लावावे. घरी आल्यावर दोन तासांत अंघोळ करावी. कपडे आधी धुण्याऐवजी कोरडेच ड्रायरमध्ये, सर्वांत जास्त उष्णतेवर १० मिनिटे फिरवावेत. गोचीड पाण्यात तग धरते, कोरड्या उष्णतेत मरते. बूट, मोजे आणि पँटवर ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारता येते, कातडीवर कधीच नाही. ओले पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असते, म्हणून फवारलेले कपडे पूर्ण वाळेपर्यंत मांजर पोचणार नाही अशा ठिकाणी टांगावेत.